दगडाची ओ

होस्टेलात आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायचो. केस पिकले, पोरं कॉलेजात गेली, तरी ती सवय गेली नाही. म्हणून इथे मेहकर म्हणजे मेहकरचा आमचा मित्र आणि वरवट म्हणजे वरवट बकालला शेती करणारा. तिसरा बुलढाण्याचाच. तो दवाखान्यात एक्स-रे काढतो, त्यामुळे त्याला एक्स-रे हेच नाव पडलं. मी शाळेत शिकवतो. मला ते मास्तर म्हणतात, आणि तेही काही कौतुकाने नाही. वर्गात ओरडून ओरडून माझी पट्टी कायमची वर गेली आहे, घरीदारी तोच सूर लागतो, आणि त्यावर आता इलाज नाही.

तरीही आमच्यात खरा मोठा आवाज मेहकरचा. भाजीबाजारात पहाटे तो हर्रास पुकारायचा. मेथीच्या ढिगासमोर उभा राहून त्याने भाव पुकारला की पार टोकाच्या चहाच्या गाडीपर्यंत ऐकू जायचं. विड्याही तो तशाच दणकून ओढायचा. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याचा घसा बसला तो सुटलाच नाही. नागपूरला नेलं, आणि डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. आता तो नाकाने नाही, गळ्याच्या बुडाशी ठेवलेल्या भोकातून श्वास घेतो. त्यावर जाळीचं कापड बांधलेलं असतं. तो जेवतो, हसतो, चिडतो, पण आवाज नाही. तोंडातून हवाच येत नाही म्हणून शिट्टीसुद्धा वाजत नाही. काय म्हणायचं ते मोबाइलवर टाइप करून समोर धरतो.

पोळा झाला की आम्ही चौघं दरवर्षी एक डोंगर करतो. ट्रेक म्हटलं की मला उगाच पाठीवर महागडी सॅक असलेला माणूस दिसतो, म्हणून तो शब्द मी वापरत नाही. आजारपणात मेहकरचं एक वर्ष चुकलं होतं. गेल्या वर्षी त्यानेच ग्रुपवर लिहिलं, ‘यंदा मी येतो. कोनी नाही म्हनू नका.’ आम्ही नाही म्हणालो नाही. आदल्या रात्री मला त्याच्या बायकोचा फोन आला. एरवी ती फार कमी बोलते. ती म्हणाली, “भाऊजी, त्यायले जाऊ देऊन राह्यले मी. पन त्यायच्या गळ्यात पान्याचा थेंब जाऊ देऊ नका. डॉक्टरनं सांगितलं, तिथून पानी गेलं त सरकं छातीत जाते.” मी म्हणालो, जाऊ देणार नाही. आठ-दहा दिवस उघाड होती, आभाळ कोरडं होतं, त्यामुळे मी ते सहज म्हणून गेलो.

वरवटच्या शेतातून उत्तरेला सातपुड्याची जी रांग दिसते, त्यातला अलीकडचा एक डोंगर आम्ही ठरवला. मोटरसायकली पायथ्याच्या वस्तीवर लावल्या. चढ काही अवघड नव्हता. मेहकर सगळ्यांच्या मागून चालत होता, जसा तो पूर्वीही चालायचा. पूर्वी मागून त्याच्या शिव्या यायच्या, “चाला बे म्हाताऱ्याहो,” असं चालू असायचं. या वेळी मागे फक्त त्याच्या काठीचा आवाज होता. वर पोचल्यावर कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला. तो बराच वेळ खालच्या रानाकडे बघत बसला. चेहऱ्यावर समाधान होतं, आणि मला खरंच बरं वाटलं.

उतरायला निघालो आणि आभाळ भरून आलं. पाऊस असा लागला की समोरचा साग दिसेना. आम्ही चौघांचे मोबाइल एका प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवले. एक्स-रेने आपल्या अंगावर घेतलेल्या प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा फाडून मेहकरच्या गळ्याभोवती बांधला, खालून श्वासाला जागा ठेवून. मेहकरने त्याला अंगठा दाखवला. ज्या नाल्यातून आम्ही वर आलो होतो तो आता तांबड्या पाण्याने भरून वाहत होता. म्हणून वरवट म्हणाला, डोंगराच्या सोंडेवरून उतरू. सोंडेवर धुकं होतं. अंधार पडला तेव्हा आमच्या पायाखाली वाट नव्हती, नुसतं गवत आणि दगड होते.

“चकवा लागला,” वरवट म्हणाला.

“चकवा-बिकवा काही नसते,” एक्स-रे म्हणाला. “तू वाट चुकला.”

उजेड एकच होता, वरवटची शेतातली बॅटरी. ती घेऊन तो पुढे, त्याच्या मागे एक्स-रे, मग मी, शेवटी मेहकर. मी त्याला मध्ये चल म्हणालो, तर त्याने नाही म्हणून मान हलवली. वरवट थोड्या थोड्या वेळाने विचारायचा, “हाये का बे?” एक्स-रे म्हणायचा, हाव. मी म्हणायचो, हाव. मग माझ्या पाठीवरच्या पिशवीवर काठीचे दोन टोले पडायचे, आणि मी पुढे सांगायचो, “तोबी हाये.” असं आम्ही किती उतरलो कोण जाणे.

एक अरुंद ओघळ लागली. खालची माती भुसभुशीत झाली होती. आम्ही एकेक करून ओलांडली. पलीकडे वरवटने विचारलं, आम्ही दोघं हाव म्हणालो, आणि पिशवीवर टोला पडला नाही. मी वळलो. मागे कुणी नव्हतं. वरवटने बॅटरी फिरवली तर ओघळीची कड ताजी खचलेली दिसली, आणि खाली पाण्याचा आवाज.

मी त्याच्या नावाने ओरडलो. होस्टेलातलं नाव नाही, आईबापाने ठेवलेलं नाव. वरवट ओरडला. एक्स-रे ओरडला. मग तिघं मिळून ओरडलो. कडेकडेने पळत, घसरत, बॅटरी इकडून तिकडे नाचवत आम्ही हाका मारत होतो. ‘कुठी हायेस?’ ‘आवाज दे!’ मी स्वतः किती वेळा आवाज दे म्हणालो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण त्या वेळी जिभेवर दुसरं काही येतच नव्हतं. माणूस हरवला की त्याला हाक मारायची, एवढंच आपल्याला येतं. मला त्याच्या बायकोचं बोलणं आठवत होतं, आणि ते आठवलं की मी आणखी मोठ्याने ओरडत होतो. मग मी वरवटवर ओरडलो, की सोंडेवरून न्यायची अक्कल कुणाची. तो माझ्यावर ओरडला, की तू त्याच्या पुढंच होता ना.

एक्स-रे मुळात हळू बोलणारा माणूस. त्याने येऊन माझा दंड धरला. “मास्तर, चूप रह्य,” तो म्हणाला. “तूबी चूप रह्य, वरवट. आपुन बोंबलून राह्यलो, तो कशानं ओ देईन? काही वाजवत असन तो. आपल्या बोंबलण्यात कसं आयकू येईन?”

“अन् पान्यात पडला असन त?” वरवट म्हणाला.

एक्स-रे खाली बसला. आम्हीही बसलो.

माझ्या आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. मित्र कुठेतरी खाली आहे, त्याच्या गळ्याला उघडं भोक आहे, वर पाऊस आहे, आणि आपण चिखलात बसून तोंड मिटून आहोत. सागाच्या मोठ्या पानांवर पाऊस पडला की रान नुसतं गर्जतं. त्यातून काय ऐकू येणार होतं? उठून पळावं, ओरडावं, काहीही करावं असं वाटत होतं. मी दोन्ही हात तोंडावर धरून बसलो. आणि तिथे बसल्या बसल्या मला चहाच्या टपरीवरचा मेहकर दिसायला लागला. त्याआधीचं वर्षभर आम्ही चौघं जमलो की गप्पा सुरू व्हायच्या. तो मध्येच मोबाइल काढून टाइप करायला लागायचा. त्याचं वाक्य पुरं होईतो आमचा विषय दुसरीकडे गेलेला असायचा. तो मान वर करून आमच्याकडे बघायचा, मग लिहिलेलं पुसून टाकायचा आणि हसायचा. मी ते अनेकदा पाहिलं होतं. काय पुसलं ते कधी विचारलं नव्हतं. मला त्या अंधारात रडू आलं, आणि आवाज होऊ नये म्हणून मी ते गिळलं.

पाऊस जरा ओसरला. पानांवरची गर्जना कमी होऊन नुसती टपटप राहिली. आणि त्या टपटपीत न बसणारा एक आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा टक.

“तो हाये!” वरवट ओरडला, आणि आवाज त्याच्या ओरडण्यात बुडाला. एक्स-रेने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आम्ही परत गप्प. परत तो आवाज, दगडावर दगड आपटल्याचा, आम्ही शोधत होतो त्याच्या पार उलट्या अंगाला. मी चाचपडत दोन दगड उचलले आणि एकमेकांवर हाणले. पलीकडून लगेच टक आलं. मी दोनदा हाणले, तिकडून दोनदा आलं. मग आम्ही एक शब्द न बोलता त्या आवाजाच्या मागे उतरत गेलो. थोडं उतरायचं, थांबायचं, दगड वाजवायचा, ऐकायचं.

ओघळ जिथे वळत होती तिथे तो एका मोठ्या दगडाला टेकून अडकला होता. पाणी कमरेपर्यंत होतं आणि एक पाय दगडांच्या फटीत गुंतला होता. गळ्याभोवतीचा प्लास्टिकचा कागद वाहून गेला होता. डाव्या हाताने त्याने टोपी गळ्यावर आडवी धरली होती, आणि मान पुढे झुकवून छप्पर केलं होतं. उजव्या हातातला दगड तो मागच्या खडकावर आपटत होता. आम्ही अगदी जवळ गेलो, बॅटरीचा उजेड त्याच्यावर पडला, तरी त्याचा हात थांबेना. मी तो धरून थांबवला. बोटांची सालं निघाली होती.

वर काढताना त्याला खोकला लागला. त्याच्या खोकल्याचाही आवाज नसतो, फक्त गळ्यातून हवा फुटते. एक्स-रेने त्याला कुशीवर घेतलं, पाठ थोपटली, आतल्या बनियनचा कोरडा कोपरा फाडून भोकाभोवतीचं पाणी टिपलं. खूप वेळाने त्याचा श्वास एकसारखा चालायला लागला. मग आम्ही एका कपारीत शिरलो. तो मध्ये, आम्ही तिन्ही बाजूंनी. उजाडेपर्यंत आम्ही कुणी काही बोललो नाही. मला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकायचा होता.

फटफटलं तेव्हा पाऊस थांबला होता. खाली वस्तीची कौलं दिसत होती, हाकेच्या अंतरावर. वरवट वाट शोधायला पुढे गेला. मेहकर जागा होता. मोबाइल काढून द्यावा म्हणून मी पिशवीला हात घातला, तर त्याने माझी बाही ओढली. त्याचे ओठ हलले. त्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी कधी त्याच्या ओठांकडे बघितलं नव्हतं, नेहमी त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बघायचो. त्या दिवशी बघितलं. त्याने ते परत म्हटलं, सावकाश, आणि मला शब्द न् शब्द कळला.

“कधीचा ओ देऊन राह्यलो बे.”

“हाव,” मी म्हणालो. मला माझ्या नेहमीच्या पट्टीत काही बोलता येईना. “आम्ही आयकलंच नाही.”