सबनीस आणि रिकामं काडतूस

सबनीस आमच्याकडे जेवायला आले की आधी पोळीची जाडी मोजत. खिशातून व्हर्निअर काढून कडेला लावत आणि माझ्या बायकोला गंभीरपणे सांगत, "वहिनी, आज पास." शारजातल्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. राहायला अजमानला, आमच्याच खालच्या मजल्यावर.

त्यांचा खरा कारखाना बाल्कनीत होता. अबू राशिद नावाच्या एका स्थानिक गृहस्थांना नेमबाजीचा नाद होता. त्यांच्याकडे परवाना होता, आणि काडतुसं ते घरीच भरत. विकतची मापं त्यांच्या जुन्या रायफलला जुळत नसत, म्हणून सबनीस ती घडवून देत. काडतुसाची लांबी तपासायचं गेज, दारू मोजायच्या पितळी पळ्या, अगदी संध्येतल्यासारख्या. दारूला किंवा बंदुकीला त्यांनी कधी हात लावला नाही. पळ्या ते रव्याने तपासत. "वहिनी, वाटीभर रवा द्या. परत करतो, मोजून."

नमुना म्हणून अबू राशिदनी त्यांना एक रिकामं काडतूस दिलं होतं. ते परत करा, असं मी एकदा सुचवलं.

"नमुना गेला की गेज म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा," ते म्हणाले. "इन्स्पेक्टर नमुना सोडत नसतो."

मग मंदी आली. टॉवर अर्ध्यावर थांबले. त्यांच्यासमोरच्या जाहिरातींच्या फलकांवरची कुटुंबं मात्र हसतच राहिली. सबनीसांच्या कंपनीने माणसं काढली आणि त्याला 'राइट-सायझिंग' म्हटलं. सबनीस म्हणाले, "साइझ राइट आहे की नाही हे बघणारा माणूसच काढला की हो."

व्हिसा खलास झाला. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, त्यांनी आधीच डोंबिवलीला पाठवलं होतं. तिथे गाळा घेऊन गेज बनवायचे, हा बेत. भांडवल एकच, हत्यारांची पेटी.

मी त्यांना सोडायला गेलो होतो. शारजा विमानतळाच्या दारातच स्कॅनरवर ती पेटी अडली. तरुण पोलिसाने हत्यारांतून काडतूस वर काढलं.

"ये गोली तुम्हारा है?"

"गोली नहीं, साहब. गोली इसके आगे लगती है. ये खाली केस है."

"बारूद किधर है?"

"बारूद मेरे पास नहीं. कितना डालना है, वो ये बताती है," असं म्हणून त्यांनी पितळी पळी पुढे केली.

मी त्यांचा शर्ट ओढला. "सबनीस, गप्प बसा हो."

"अहो, चुकीची नोंद होईल."

पोलीस "यल्ला, चलो" म्हणाला आणि त्यांना पेटीसकट काचेपलीकडे घेऊन गेला. मी अबू राशिदना फोन लावत राहिलो. ते ससाणे घेऊन शिकारीला परदेशी गेले होते, फोन बंद. काचेतून सबनीस दिसत होते. अधिकाऱ्याला हातांनी काहीतरी समजावत होते, बहुधा अचूक.

परतल्यावर अबू राशिदनी येऊन जबाब दिला, तेव्हा सबनीस सुटले. पेटी मिळाली नाही. गाळा झाला नाही. डोंबिवलीत कुणाच्या तरी दुकानात ते हिशेब बघत, आणि तिथेच वारले.

मला मात्र त्या दुपारचा फोन आठवतो. मी अजून काचेपाशीच होतो. डोंबिवलीहून वहिनी विचारत होत्या, "विमान सुटलं का हो?"

"विमान सुटलं," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य जुळवू लागलो.

"मग मी बाजारात जाऊन येते. सुरमई मिळाली तर बघते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.