ताईंचा हात आणि कंडक्टरचा दात

अठरा वर्षं ताईंनी त्या दातांच्या दवाखान्यात पेशंटना धीर दिला, चूळ भरायला पेले दिले आणि दातांचे फोटो काढले. त्यातले फोटो म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण गेल्या वर्षापासून उजवा हात बारीक कापायला लागला होता. फोटो पुसट यायचे. ताईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. फोटो बिघडला की पेशंटवरच डाफरायच्या, "हलू नका म्हटलं होतं ना!" आ वासून बसलेला माणूस उलट उत्तर देणार तरी कसं?

मग डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा धरायला भिंतीवर एक लोखंडी हात बसवून घेतला. तीन ठिकाणी वाकणारा, आत स्प्रिंग. कॅमेऱ्याचं वजन स्प्रिंगनं तोलायचं. बोटानं ढकलला की सरकेल, सोडला की तिथेच थांबेल, असं बसवणारा सांगून गेला. ताईंनी मनात हिशेब मांडला. हा हात कापत नाही, रजा मागत नाही. मग आपलं काम काय?

पहिला पेशंट निवृत्त बसकंडक्टर. दातावर बसवायची नवी कॅप शेजारच्या दाताच्या रंगाची हवी, म्हणून स्वच्छ फोटो हवा होता, आणि तो आधी तीनदा पुसट आला होता. घाबरून ताईंनी सगळे स्क्रू करकचून आवळले. जोर लावला तर कॅमेरा थेट कंडक्टरच्या नाकाशी.

"ताई, सैल सोडा. वजन स्प्रिंगवर येऊ दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सैल सोडला, तर कॅमेरा डुलत डुलत छताकडे निघाला. "अहो, कुठे निघाली स्वारी!" म्हणत ताईंनी स्प्रिंग जराशी ढिली केली, मग आणखी जराशी. कॅमेरा दातासमोर हवेत गुपचूप उभा राहिला. ताईंनी बटण दाबलं. फोटो पुसट.

"हलू..." शब्द ओठांवर आला आणि अडला. ओठ ताणणारी प्लास्टिकची चौकट तोंडात घालून तो माणूस दगडासारखा बसला होता. हललं होतं ते बटणावरचं बोट.

"ते हलले नाहीत, डॉक्टर. माझा हात कापतो. वर्ष झालं."

कंडक्टरनं चौकट उपटून काढली. "बावीस वर्षं चालत्या बसमध्ये उभ्यानं तिकिटं फाडलीत मी! मी हलणारा माणूस वाटलो?"

"चुकलं माझं, दादा," ताई पुटपुटल्या.

"आधी सांगायचं नाही का, ताई?" डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "उद्या मोठ्या दवाखान्यात हात दाखवून येऊ, मीही येते. पण कॅमेरा नेमका कुठे थांबवायचा हे मला अजून जमत नाही. ते तुमचंच काम. दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावून देते. बटण दाबा आणि हात काढून घ्या."

कंडक्टरनं चौकट पुन्हा तोंडात बसवली. ताईंनी बटण दाबलं, हात मागे घेतला. कॅमेरा किंचित थरथरला, थांबला. खट्. पडद्यावर दात असा आला, की त्यावरची चहाची पुटंसुद्धा मोजून घ्यावीत.

"छान आलाय!" डॉक्टर म्हणेपर्यंत ताईंनी दोन बोटांनी कॅमेरा डावीकडे सरकवलाही होता.

"एवढ्यात उठू नका, दादा. या बाजूनं अजून एक काढायचाय."