खंडेनवमीचा रंग

बाबांच्या मोपेडला पंधरा वर्षं झाली आणि तिची नोंदणी नव्याने करायची वेळ आली. मी म्हटलं, द्या भंगारात, कशाला तो खटारा. माझं तोंड मला विचारून चालत नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात बाबांचा डावा पाय मशिनखाली सापडलेला. गियरची गाडी त्यांना जमत नव्हती, आणि बसच्या पायऱ्या चढणं म्हणजे शिक्षाच. मोपेड बंद पडली तर नोकरी सुटली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

मोपेड मुळात लाल. पण खंडेनवमीला कारखान्यात मशिनला रंगाचा हात मारून मग पूजा करायची रीत होती, आणि उरलेला करडा रंग बाबा डब्यातून घरी आणायचे. मग दर वर्षी ब्रश जाईल तिथे मोपेडला फासायचे. वर आईचं हळदकुंकू आणि झेंडूचा हार. बाबा निघाले की शेजारी म्हणायचे, चाललं बघा लेथ मशीन कामाला. बाबांना ते कौतुकच वाटायचं.

आरटीओत मीही गेलेले. तिथल्या साहेबांनी चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कागद धरून त्यावर पेन्सिल घासली. खाली कोरलेला नंबर कागदावर उमटायला हवा. कागद नुसता काळा झाला. त्यांनी पुन्हा घासली. मग गाडीच्या नोंदणी-पुस्तकात पाहिलं, तर गाडी लाल आणि समोर उभी करडी. नंबर का झाकलाय, असं त्यांनी विचारलं. चोरीची म्हणाले नाहीत, पण बाबांना तेच ऐकू आलं. आयुष्यात कुणाचा खिळा न उचललेला माणूस, कानशिलं लाल करून खंडेनवमीचं सांगत बसला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की रंग काढून आणा, पण खरवडू नका. नंबरवर ओरखडा दिसला तर पास होणार नाही. आणि तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

टेम्पोत घालून ती घरी आणली. बाबा बसने जाऊ लागले. रोज संध्याकाळी पाय सुजून भोपळा. मला त्यांच्या त्या रंगाचा इतका राग आलेला की डबा उकिरड्यावर फेकावासा वाटला.

रविवारी बाबा रंग काढायचं थिनर घेऊन बसले, पण चिंधी नंबराजवळ नेऊन परत मागे घ्यायचे. ओरखडा आला तर? आईने चिंधी काढून घेतली. पदर खोचला आणि तान्ह्या पोराचे कान पुसावेत तशी हळूहळू पुसत राहिली. एकाखाली एक करडे थर निघाले. मध्ये कुठेतरी कुंकूही लागलं. बाबा पायरीवर बसून नुसते बघत होते. दुपारी पहिला आकडा दिसला तेव्हा ते उठून आत गेले. मी मागे गेले नाही.

पुढच्या खेपेला रंगबदलाचा अर्जही दिला. साहेबांनी पेन्सिल घासली, आकडे स्वच्छ उमटले, गाडी पास. बाबा पेडल मारून जे निघाले ते मला तिथेच विसरून.

पण त्या खंडेनवमीला रंगाचा डबा आला आणि बाबांनी तो माळ्यावर टाकला. आईने विचारलं तर म्हणाले, नको, हौस फिटली. उघड्या पडलेल्या नंबरावर तांबूस गंज धरायला लागलेला.

आईने डबा खाली काढला. चिंधीने गंज पुसून नंबरावर तेलाचं बोट फिरवलं. बाबांच्या पायाला बँडेज बांधायची चिकटपट्टी आणली, दाताने तोडली आणि नंबरावर नीट बसवली. मग ब्रश त्यांच्या हातात दिला.

"एवढं झाकलंय. आता मारा रंग," ती म्हणाली.