पाईपवर वसलेलं सिव्हिक सेंटर

क्रेनचा हूक खाली आला तरी मेश्राम गुरुजी पाईपवरून उठेनात. चहा संपला की उठतो, म्हणाले. क्रेनवाला माझ्याकडे बघायला लागला. मी नगररचना विभागातली, म्हणजे कुठे घरं, कुठे शाळा, कुठे बाजार हे कागदावर ठरवणारी. पाईपवरच्या गुरुजींना कसं उठवायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

सावनेर रोडला लागून नव्या वस्तीसाठी प्लॉट पाडून हे ले-आउट पडलं, तेव्हा त्याच्या मधोमध मी सिव्हिक सेंटर आखलं. सिव्हिक सेंटर म्हणजे वस्तीचं मुख्य ठिकाण: दुकानं, दवाखाना, बस स्टॉप. कॉम्प्लेक्स बांधून झालं, शटरं लागली, आणि तिथे कुत्रंही फिरकलं नाही.

लोक जमले ते वस्तीच्या टोकाला. सांडपाण्याच्या गडरलाइनसाठी ठेकेदाराने सिमेंटचे मोठे पाईप तिथे आणून टाकले होते. नव्या वस्तीत झाड नाही, ओटा नाही. लोक पाईपवर टेकले. टेकणाऱ्यांना वस्तीतल्या शोभाताईंनी ठेला लावून चहा पाजला. चहामागे पानठेला आला, मग भाजीवाल्या, मग काटोलची संत्री, मग ऑटो. बसही तिथेच थांबायला लागली. लोक पत्ता सांगायचे 'पाईप चौक'. माझ्या नकाशात असा चौकच नव्हता. मला त्याचा मनापासून राग यायचा.

आता रखडलेलं गडरलाइनचं काम सुरू झालं आणि पाईप हलणार होते. शोभाताईंचं घर त्या ठेल्यावर चालायचं. त्या गॅस बंद करून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"मॅडम, पाईप नेऊन राहिले, मंग लोकं बसतीन कुठी? अन् नाई बसले तर चहा कोन पेईन?"

कॉम्प्लेक्समध्ये गाळा घ्या, मी शब्द टाकते, असं मी म्हटलं.

"तिथं कोनी येते का? तुमी तरी गेल्या का तिथं चहा प्याले?"

नव्हते गेले. तेव्हाही माझ्या हातात त्यांचाच कप होता.

सदर भागातल्या ऑफिसात आमच्या साहेबांना फोन लावला. थोडे पाईप राहू द्या म्हणून विनवलं.

"मॅडम, गडरलाइन जमिनीखाली टाकायची असते," साहेब म्हणाले. "लोकांना बसायला नाही."

मी फोन ठेवला. गुरुजींचा चहा संपला. पाईप उचलले गेले. शोभाताई भांडी आवरायला लागल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तडे गेलेले काही पाईप तपासणीत रिजेक्ट झाले. ते ठेवायचे कुठे? साहेबांनी सांगितलं, कॉम्प्लेक्ससमोर टाका, तिथे कोणाला अडचण होणार आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी तिथे पाईपवर पेपर वाचत बसलेले. इतक्या लांब कसे आलात, मी विचारलं.

"पाईप इकडं आले ना, बाई," ते म्हणाले. मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

संध्याकाळी शोभाताईंचा ठेला आला. त्यामागे पानठेला, भाजी, संत्री, ऑटो. शेवटी बसनेही रस्ता बदलला. मग गाळ्यांसाठी भांडणं लागली. शोभाताईंना एक मिळाला. त्यात त्या दुधाचे कॅन ठेवतात, चहा बाहेरच करतात.

साहेबांनी या सगळ्याला रिपोर्टात 'नियोजनबद्ध स्थलांतर' म्हटलं आणि शाबासकी मिळवली. पुढे स्टोअर विभागातून ते रिजेक्ट पाईप भंगार म्हणून उचलण्याची ऑर्डर निघाली. त्याच आठवड्यात सुधारित नकाशा माझ्या टेबलावर होता. मी त्यात एकेक पाईप स्केलप्रमाणे काढला आणि बाजूला लिहिलं: 'सार्वजनिक आसनव्यवस्था, कायमस्वरूपी'. साहेबांनी न बघता सही केली, आणि पाईप जागेवरच राहिले.

आता मी रिटायर आहे. ले-आउटवाले विचारायला येतात, सेंटर कुठे ठेवायचं? मी सांगते, आधी माणसाला टेकायला काहीतरी टाका. नकाशा नंतर काढू.