साडूच्या शेतातलं सोयाबीन

नरहर मंडीदीपच्या कारखान्यात फिटर. राहायला नेहरू नगरात, पण जीव सगळा मंडीदीपपलीकडच्या चार एकरांत. विहीर नाही, बोअर नाही. पीक आभाळाच्या भरवशावर. तरी त्याचं सोयाबीन गावात उजवं निघायचं. लोक पेरणीआधी त्याला विचारायला येत. तो ऐटीत सांगे, "बी दाट टाका. एकरी चाळीस किलो."

यंदा बांधाला लागूनचं शेत त्याच्या साडूने, श्रीकांतने, कसायला घेतलं. पेरणीयंत्र नरहरचंच मागून नेलं आणि दर चार ओळींनंतरची बी सोडणारी नळी चिंध्या कोंबून बंद केली. त्या मोकळ्या जागी सरी पाडली. बी एकरी जेमतेम तीस किलो.

"श्रीकांतराव, उरलेल्या बियाची उसळ करणार वाटतं," नरहर चारचौघांत म्हणाला. सगळे हसले. श्रीकांतही हसला.

ऑगस्टमध्ये वीस दिवस थेंब पडला नाही. नरहरची दाटीवाटीने उगवलेली झाडं दुपारीच माना टाकू लागली. पलीकडे सरीत मुरलेल्या पाण्यावर साडूचं रान हिरवंगार. एका रविवारी सकाळी, आसपास कोणी नाही असं बघून, नरहर बांध ओलांडून गेला आणि त्याने शेंगा मोजल्या. एका झाडाला त्रेपन्न. त्याच्या स्वतःच्या झाडाला बावीस. पुन्हा मोजल्या. त्रेपन्नच.

श्रीकांतला एकरी सात क्विंटल झालं, नरहरला साडेचार. लोक आता श्रीकांतच्या बांधावर थांबू लागले. नरहरला कोणी काही बोललं नाही. तेच त्याला जास्त झोंबलं.

पुढच्या पेरणीआधीचा मे महिना आला तसा तो बायकोला म्हणाला, "शशिकला, मीनाला सहज विचार, दोन ओळींत अंतर किती ठेवलं होतं."

"तुमचे साडू आहेत, तुम्हीच विचारा."

"मी कशाला विचारू?"

तिने बहिणीला फोन लावला. नरहर शेजारून कुजबुजला, "बी किती खोल, तेही विचार."

पलीकडे मीना हसली. "ताई, फोन स्पीकरवर आहे. भाऊजींना म्हणावं, हे इथेच बसलेत."

श्रीकांतने सगळं सांगितलं. अंतर दीड फूट, खोली दोन बोटं, जमिनीत चांगली ओल उतरल्याशिवाय यंत्र घालायचं नाही. वर म्हणाला, "उद्या येऊन नळ्या बंद करून देऊ का?"

एखादी गोष्ट त्याने लपवली असती, तर नरहरला वर्षभर त्याला शिव्या देता आल्या असत्या.

"नको, मला जमतं," तो म्हणाला, आणि विसरू नये म्हणून तळहातावर पेनाने लिहिलं: दीड फूट.