बाबांच्या रिव्हॉल्व्हरची नळी

मित्रांनो, मागच्या महिन्यात बाबा गेले. आज त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करायचं होतं. ते साफ करायले माझे फौजी मामा केनवडहून आले.

मामांनी नळीतून चिंधी फिरवली. ती काळी झाली, शिशाचे पापुद्रे निघाले.

मी सांगितलं, "दसऱ्याले पूजा झाली की बाबा शेतात शिशाच्या गोळ्या मारत. शेवटची तांब्याच्या वेष्टनाची. म्हणत, तिनं नळी साफ होते."

मामांचा हात थांबला. "साफ नाही होत व पोरी. शिसं चिकटलेल्या नळीत ती गोळी मारली की दाब वाढते. नळी फुटली असती."

दर दसऱ्याले मी बाबांच्या बाजूलेच कान झाकून उभी राहायची.

हे ऐकून भीती वाटली नाही. रडूही आलं नाही.

मामांनी ती काळी चिंधी फेकायले मागितली. मी दिली नाही.

तुमी दिली असती काय?