विमानाइतका उंच घाट

लढाईच्या दिवसांत आमच्या टोकावडे गावावरून विमानं जाऊ लागली, तेव्हा सुरुवातीला आम्ही हातातला घास टाकून अंगणात धावायचो. पुढे सवय झाली. विमान मुंबईकडून यायचं, भाताच्या खाचरांवरून घरघरत जायचं आणि नाणेघाटाच्या कड्याला पोट घासल्यासारखं पलीकडे दिसेनासं व्हायचं. त्यावरून गावाने हिशेब पक्का करून टाकला होता, की विमान आणि घाटमाथा एकाच उंचीवर. याबद्दल कुणाला शंका नव्हती, मलाही नव्हती.

त्यातल्याच एका वर्षी माझ्या चार वर्षांच्या मुलीला डांग्या खोकला झाला. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पोर खोकून खोकून निळीकाळी पडायची, श्वास ओढताना आरवल्यासारखा आवाज यायचा, आणि प्यायलेलं दूध सगळं बाहेर. रडली की उबळ, धावली की उबळ. सगळ्यात वाईट म्हणजे, हसली तरी उबळ. म्हणून मी घरात हसण्यावरच बंदी घातली. आमचे हे पेशाने शाळामास्तर, पण स्वभावाने बहुरूपी. लेकीसमोर मांजराची नक्कल केल्याशिवाय यांच्या घशाखाली भात उतरत नसे. त्यांनाही मी तोंड शिवायला लावलं. "हसू नको गो," हे मी इतक्यांदा म्हटलं, की हसू आलं की पोर आपणहून तोंडावर हात ठेवायला लागली.

मुरबाडच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "मुदतीचा खोकला आहे, धीर धरा." शेजारणीने गाढविणीचं दूध सुचवलं, पण गाढवीण मिळेना. अशात बाजारातून आलेल्या गुळाचा कागद यांनी सवयीने वाचायला घेतला आणि ओरडलेच. विलायतेत म्हणे अशा मुलांना विमानात बसवून उंच नेतात, तिथल्या विरळ हवेने खोकला निवतो. किती उंच, तो आकडा मात्र गुळाला चिकटून फाटला होता.

"आकडा कशाला हवा? विमान जातं तितकं उंच," हे म्हणाले. "आणि तितका उंच घाट आपल्या दारात उभा आहे! पेट्रोलसुद्धा लागत नाही."

एरवी मी यांची चांगली हजेरी घेतली असती. पण बुडत्याला काडीचा आधार. म्हटलं, चला.

मे महिन्याची सुट्टी होती. पायथ्याशी बैलगाडी सोडली. तिथल्या ठाकरवाडीतल्या एका गड्याने पोरीला झोळीत घालून पाठीवर घेतलं आणि तो तुरुतुरु निघाला. त्याच्या मागे मी, आणि बऱ्याच मागे हे. पहिल्या वळणावरच हे दगडावर बसले.

"हवा विरळ झाली," म्हणाले.

"हवा आहे तेवढीच आहे," मी म्हटलं. "जड तुम्ही झालात." खाली आमचे बैल रवंथ करताना अजून स्पष्ट दिसत होते.

माथ्यावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गड्याने कातळातल्या टाक्यातलं पाणी काढलं, कमरेला बांधलेल्या वाळक्या भोपळ्यातलं पायथ्याचं पाणी त्यात मिसळलं आणि मग पोरीच्या तोंडाला लावलं. "वरचा पानी एकदम द्याचा नाय," तो म्हणाला. "दोनी एक करून दिला का बादत नाय." वाडीची ती रीतच होती. पोर प्यायली. खोकली नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मग खोकली. नेहमीसारखीच, निळी होईपर्यंत. मी तिचं कपाळ धरून बसले, आणि उबळ ओसरल्यावर मला घाटाचा, गुळाच्या कागदाचा आणि यांचा असा सगळ्यांचा एकदमच संताप आला.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. मला वाटलं, आता विमान डोळ्यांसमोरून जाणार, आतला माणूससुद्धा दिसणार. वर बघितलं तर घरच्या अंगणातून दिसायचं तेवढंच लहान, आणि तेवढंच वर! आम्ही चढलो तसं तेही चढून बसलं होतं जणू.

"असं कसं?" म्हणत यांनी मान पार मागे टाकली, तशी डोक्यावरची काळी टोपी उडाली आणि कड्यावरून खाली गेली. हे हळहळतात न हळहळतात तोच दरीतून उसळणाऱ्या वाऱ्याने ती उचलली. टोपी खालून वर आली, तिने यांच्या डोक्यावर एक गिरकी घेतली आणि फाडकन यांच्याच तोंडावर येऊन बसली.

पोर खुदकन हसली. लगेच तिचा हात तोंडाकडे गेला, आणि डोळे घाबरून माझ्याकडे.

खोकला पुढे पाऊस लागता लागता गेला, आपल्या मुदतीने. त्यात घाटाचं श्रेय काही नाही. पण त्या घडीला मला हे काही ठाऊक नव्हतं. मला फक्त ते डोळे दिसत होते. मी तिचा हात तोंडावरून खाली ओढला.

"हस गो बाय," म्हटलं. "हस."

ती हसली, पोट धरून हसली. मग उबळ आली, यायचीच होती. मी तिला घट्ट धरलं. उबळ गेली. डोळ्यांत पाणी, नाकाला धार, आणि धाप लागलेली असताना ती म्हणाली, "बाबा, परत टाका टोपी."

यांनी विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"बघताय काय?" मी म्हटलं. "टाका!"